डायरी संक्रांतीनंतर कोरी का पडते?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

नवे वर्ष जवळ आले की सगळ्याच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नियोजनाचे सल्ले येतात. ध्येय ठरवा, वेळ पाळा, लिहून ठेवा. पण लिहायचे कशात, त्या वहीच्या रेघा केवढ्या असाव्यात, उघडलेल्या पानावर किती दिवस दिसावेत आणि आज राहिलेल्या कामाचे उद्या काय करायचे, याबद्दल अवाक्षर नसते. मग घरोघरी एकच प्रकार होतो. भेट आलेली जाडजूड, रेक्झिनच्या पुठ्ठ्याची डायरी हौसेने उघडली जाते, संक्रांतीपर्यंतची पाने भरतात आणि पुढे ती वाणसामानाच्या यादीला नाहीतर मुलांच्या कच्च्या गणिताला लागते. आपल्याला शिस्तच नाही, असे म्हणून माणूस दोष स्वतःच्या माथी मारून घेतो. बऱ्याचदा ती वहीच त्याच्या कामाची नसते, म्हणून हे पत्र.

भेट मिळणारी डायरी बहुधा ‘एक पान, एक दिवस’ अशी असते. तिच्यात आजचे पान उघडले की उद्याचा दिवस दिसत नाही आणि परवाचा तर नाहीच. गुरुवार मोकळा आहे की भरलेला, हे पाहायला तीन पाने उलटावी लागतात. ती कोणी उलटत नाही, आणि गुरुवारी सकाळी तीन कामे एकमेकांवर आदळतात. शिवाय रोज वीस-बावीस रिकाम्या ओळी समोर आल्या की त्या भरायचा मोह होतो. पंधरा कामे लिहिली जातात, चार होतात आणि अकरा त्याच पानावर पडून राहतात. चार दिवसांत अशी चाळीसेक कामे मागे राहिली की डायरी उघडणेच नकोसे वाटते.

तरी हीच डायरी वर्षानुवर्षे उत्तम चालवणारा एक वर्ग आहे, तो म्हणजे वकिलांचा. त्यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. वकिलांच्या डायरीत पानावर रकाने असतात: मागची तारीख, प्रकरणाचा क्रमांक, पक्षकार, कोर्ट, प्रकरण कशासाठी लागले आहे आणि पुढची तारीख. कोर्टाने पुढची तारीख दिली की वकील किंवा त्यांचा कारकून तिथल्या तिथे दोन नोंदी करतो. आजच्या पानावर त्या प्रकरणासमोर पुढची तारीख लिहितो. लगेच त्या तारखेचे पान काढून तिथे प्रकरण उतरवतो आणि ‘मागची तारीख’ या रकान्यात आजची तारीख घालतो. दोन्ही नोंदी एका दमात होतात. संध्याकाळी ऑफिसात बसून उतरवू म्हटले की एखादे प्रकरण निसटलेच म्हणून समजा. या पद्धतीत कोणतेही काम पुढची तारीख घेतल्याशिवाय पान सोडत नाही. घरची, शाळेची, दुकानाची डायरीही याच नियमावर टिकते. तो पाळला तर साध्या वहीतही काम चालते आणि मोडला तर महागातला प्लॅनरही उपयोगाचा नाही.

वही घ्यायच्या आधी एक आठवडा थांबा. घडी घातलेला एक कोरा कागद खिशात ठेवून आठवडाभर समोर येणारे प्रत्येक काम त्यावर लिहा. सातव्या दिवशी मोजा: एकूण कामे किती आणि त्यांतली ठरावीक तारखेला, ठरावीक वेळेलाच करायची किती. दहातली सात-आठ तशी असतील (डॉक्टर, वकील, शिकवण्या घेणारे, ब्यूटी पार्लर, दुरुस्तीची कामे घेणारे), तर एक पान एक दिवस हाच घाट घ्या आणि पानावर तास छापलेले असतील तर उत्तम. दहातली दोन-तीनच वेळेची असतील आणि बाकीची ‘या आठवड्यात कधीतरी’ अशी असतील, तर दोन पानांवर एक आठवडा दिसणारा प्लॅनर घ्या. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बहुतेकांची यादी दुसऱ्या प्रकारची निघते. नुसत्या महिन्याच्या चौकटी असलेली पातळ वही एकटी पुरत नाही, कारण चौकटीत दोन नोंदींवर तिसरी मावत नाही. तरीही महिन्याची पाने हवीतच. पुढची तारीख घेताना आधी तिथेच पाहायचे असते.

आता मराठीत लिहिणाऱ्यांच्या खास अडचणीबद्दल, जी प्लॅनर छापणाऱ्यांच्या गावीही नसते. इंग्रजी लिखाणाला सहा मिलिमीटरची ओळ पुरते. आपल्या अक्षराला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार, ऋकार लागतात. ‘पूर्तता’, ‘मूळ कागदपत्रे’ असे शब्द सहा मिलिमीटरच्या ओळीत लिहिले की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो आणि आठवड्याने स्वतःचेच अक्षर लागत नाही. देवनागरीत हाताने लिहायला आठ मिलिमीटर ओळ हवी. दुकानात पट्टी घेऊन जा आणि दहा ओळींचे अंतर मोजा. ते आठ सेंटिमीटरच्या आसपास भरले तर वही घ्यावी. ठिपक्यांच्या कागदाची सध्या फॅशन आहे. त्यात ठिपके सहसा पाच मिलिमीटरवर असतात. एक ठिपका सोडून लिहिले की ओळ दहा मिलिमीटरची होते. वाचायला छान, पण पानावर ओळी कमी मावतात.

यातूनच आठवड्याचा घाटही ठरतो. ए-५ आकाराचे पान १४८ बाय २१० मिलिमीटरचे असते. सात दिवसांचे उभे सात रकाने दोन पानांवर छापले, तर समास वजा जाता प्रत्येक रकाना जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद उरतो. त्यात ‘गॅस एजन्सीला फोन करणे’ एवढेसुद्धा एका ओळीत बसत नाही, शब्द तोडावे लागतात. आडव्या पट्ट्यांचा घाट आपल्याला सोयीचा: डाव्या पानावर सोमवार ते गुरुवार, उजव्यावर शुक्रवार, शनिवार, रविवार आणि आठवी पट्टी मोकळी. आठ मिलिमीटरच्या हिशेबाने पानावर बावीस ओळी बसतात. वरच्या दोन आठवड्याच्या मथळ्याला दिल्या तर प्रत्येक पट्टीला पाच ओळी येतात. दिवसाला पाच नोंदी. त्या का पुरतात, ते पुढे येईलच. ए-६ म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर; खिशात मावते, पण पट्टीत तीन ओळी उरतात. निवृत्त माणसाला किंवा ज्याची कामे खरोखर थोडी आहेत त्याला ती चालेल.

बांधणी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वही बरोबर मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा. आपोआप मिटली तर रोज एका हाताने दाबून लिहावे लागेल, आणि असली वही महिनाभरात कपाटात जाते. मग पाठीची वरची कड पाहा. घडी घातलेल्या कागदांचे लहान लहान गठ्ठे शेजारी शेजारी दिसले आणि गठ्ठ्याच्या मध्यावर दोरा दिसला, तर ती शिवलेली बांधणी. ती वर्षभर टिकते आणि सपाट उघडते. कड एकसलग कापलेली आणि नुसत्या गोंदाने धरलेली दिसली, तर रोजच्या उघडझापीत आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात तो गोंद तडकतो आणि मधली पाने सुटू लागतात. तारेच्या कड्यांची वायरो बांधणी पूर्ण मागे दुमडता येते, त्यामुळे लोकलमध्ये किंवा एसटीत मांडीवर लिहिणाऱ्यांना ती सोयीची. मात्र दप्तरात डब्याखाली दबली की कड्या वाकतात आणि पान उलटताना भोकाशी फाटते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात साध्या तारेला गंजही चढतो.

कागदाचे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, वेष्टनावर असेल तर पाहा. बॉलपेनला ६० चालतो, जेल पेनला ७० बरा. शाईपेनवाल्यांनी ८० घ्यावा, आणि तोही तपासून, कारण नुसत्या जाडीवर भागत नाही. कागदावर खळ कशी बसली आहे यावर शाई पसरणे अवलंबून असते. दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर आपल्या पेनाने एक ओळ लिहा, दहा सेकंद थांबून अंगठा फिरवा आणि पान उलटून मागे काय उमटले ते बघा. दमट हवेत तोच कागद शाई जास्त ओढतो, म्हणून जुलैत थोडे फराटे दिसले तर पेनाला दोष देऊ नये. वजनही जमेस धरा. ए-५ आकाराचे चारशे पानी म्हणजे दोनशे कागदांचे पुस्तक ८० जीएसएममध्ये जवळजवळ अर्धा किलो भरते, ६० मध्ये पावणेचारशे ग्रॅम, पुठ्ठा वेगळा. एवढे ओझे रोज कोणी नेत नाही. जी वही घरी राहते, तिच्यात बाहेर मिळालेली तारीख लिहिली जात नाही, आणि वकिलांचा तो नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो. आठवड्याच्या घाटाची दीडशे पानी वही दोनशे ग्रॅमच्या आत राहते.

छापील तारखांचा प्लॅनर जानेवारीतच सुरू करावा लागतो, पण सगळ्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. शिक्षकांचे जूनला होते, हिशेबाची कामे करणाऱ्यांचे १ एप्रिलला. अशांनी तारखा न छापलेला प्लॅनर घ्यावा किंवा सरळ एकेरी रेघांची २०० पानी वही आणावी. तिचा हिशेब असा: ५२ आठवडे गुणिले २, म्हणजे १०४ पाने. बारा महिन्यांची प्रत्येकी दोन, म्हणजे २४. वर्षाच्या तारखांना ४. झाली १३२. उरलेली ६८ पाने याद्या आणि टिपणांना. वहीवर छापलेला पानांचा आकडा कधी कधी आतली छापील पानेही धरून असतो, तेव्हा एकदा मोजून घ्या. महिन्याची पाने आधी आखावीत. आठवड्यांची सगळी १०४ पाने एकदम आखायला बसू नका. चार आठवडे आखा, वापरा, पट्टी कमी-जास्त हवी असेल तर पुढच्या चारांत बदल करा. छापील प्लॅनरमध्ये ही सोय नाही.

पहिली भरायची ती वर्षाच्या तारखांची चार पाने, आणि इथे आपल्याकडच्या कामांचे तीन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. पहिली तारखेची कामे. आगाऊ प्राप्तिकर भरणाऱ्यांसाठी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. पीपीएफमध्ये पैसे भरायचे तर ५ तारखेच्या आत, कारण त्या महिन्याचे व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. गाडीचा विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, म्हणून संपण्याची तारीख आणि तिच्या पंधरा दिवस आधीची तारीख, दोन्ही लिहा. हातात आलेला चेक तीन महिन्यांत वटवावा लागतो.

दुसरी वाराची कामे: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, अमुक वारी गिरणी बंद, पहिल्या रविवारी सोसायटीची सभा. ही महिन्याचे पान आखतानाच पेन्सिलीने टाकायची. तिसरी तिथीची: सणवार, वर्षश्राद्ध, उत्सव. गेल्या वर्षीची डायरी समोर ठेवून नवी भरणाऱ्यांची चूक इथेच होते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. तिथीची प्रत्येक नोंद पंचांगातून किंवा दिनदर्शिकेतूनच उतरवायची, जुन्या डायरीतून कधीच नाही.

तारीख लिहिली म्हणजे काम लिहिले असे होत नाही. तारखेपासून उलटे मोजायचे असते. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांचेच उदाहरण घ्या. १४ सप्टेंबर २०२६ ला सोमवार आहे, म्हणजे बरेच जण शुक्रवारी, ११ तारखेला निघणार. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. ११ सप्टेंबरपासून ६० दिवस मागे गेले की येतो सोमवार, १३ जुलै. सकाळी ८ वाजता खिडकी उघडते. तेव्हा ‘गणपती – तिकीट’ ही नोंद सप्टेंबरच्या पानावर काही कामाची नाही. ती १३ जुलैच्या पट्टीत ‘८.०० तिकीट काढणे’ अशी हवी, आणि ११ जुलैच्या शनिवारी ‘तिकिटाच्या खात्याची आधार पडताळणी, पासवर्ड, प्रवाशांची नावे-वये तपासणे’ अशी हवी. परतीच्या तिकिटाचे साठ दिवस वेगळे मोजायचे.

दिवाळीच्या फराळाचेही तसेच. ‘भाजणी’ असा एक शब्द शनिवारी लिहिला की शनिवार वाया जातो, कारण भाजणी म्हणजे पाच कामे आहेत: डाळ-तांदूळ आणणे, धुऊन निथळणे, सावलीत वाळवणे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजणे, दळून आणणे. वाळायलाच जवळजवळ पूर्ण दिवस जातो. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. चकल्या १ नोव्हेंबरच्या रविवारी तळायच्या असतील, तर दळण शुक्रवारी ३० ऑक्टोबरला, भाजणे २८-२९ ला, धुणे-वाळवणे २४-२५ च्या शनिवार-रविवारी आणि सामान २३ ला. दसरा २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे दसऱ्याचे तोरण उतरण्याआधी वाण्याची यादी तयार लागते. प्लॅनरमध्ये मागे मागे येत गेल्यावरच हे दिसते. मनातल्या मनात दिवाळी नेहमी लांबच वाटते.

नोंद कशी लिहावी याला मराठीत एक साधी कसोटी आहे. ती क्रियापदावर संपली पाहिजे. ‘बँक’, ‘पाण्याची टाकी’, ‘आईचे रिपोर्ट’ ही नोंद नव्हे, ते नुसते विषय झाले. मंगळवारी सकाळी ‘बँक’ वाचल्यावर नेमके काय करायचे होते हे पुन्हा आठवावे लागते, आणि डोके थकलेले असले की नजर तशीच पुढे सरकते. ‘बँकेत पासबुक भरून आणणे’, ‘टाकी साफ करणाऱ्याला फोन करून रविवार ठरवणे’, ‘रिपोर्ट लॅबमधून आणून फाइलला लावणे’ असे लिहावे. लिहिताना दोन क्रियापदे लागली आणि ती दोन वेगळ्या जागी किंवा दिवशी होणार असतील, तर त्या दोन नोंदी करा. ज्या कामाला क्रियापदच सुचत नाही, ते अजून ठरलेले नसते. ते मागच्या ६८ पानांतल्या यादीत ठेवा, आठवड्यात आणू नका.

आता दिवसाला पाचच नोंदी का. नोकरीचे नऊ तास, जाण्यायेण्याचे तीन, झोपेचे सात आणि आंघोळ-स्वयंपाक-जेवणाचे तीन धरले, तर बावीस होतात. उरले दोन तास, म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाची चार कामे. त्यातही आपला अंदाज नेहमी कमी पडतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीबद्दल लिहिले होते. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. दीडपटीहून जास्त. म्हणून कामासमोर मिनिटे लिहायची असतील तर मनात आलेल्या आकड्याची दीडपट लिहा, आणि ज्यात दुसऱ्या माणसाची सही, शिक्का किंवा रांग आहे त्याची दुप्पट. बेरीज दोन तासांच्या पुढे गेली तर पाचवे काम लिहितानाच दुसऱ्या दिवशी टाका. हे रात्री निवांतपणी करणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दमल्यावर ते टाळाटाळ वाटते.

पट्टीत वेळेची कामे वरून खाली लिहीत यावीत (‘९.३० पालकसभा’, ‘६.०० दातांचे डॉक्टर’) आणि बिनवेळेची खालून वर. मधली जागा संपली की दिवस भरला, हे न मोजता कळते. खुणा चारच पुरेत. झालेल्या कामाला बरोबरची खूण. रद्द केलेल्याला फुली. पुढे ढकललेल्याला बाण, आणि बाणापुढे नवी तारीख. तारीख नसलेला बाण काढायचाच नाही. चौथी खूण ‘प्र’, म्हणजे प्रतीक्षाधीन. आपल्या शासकीय कार्यालयांतल्या सहा गठ्ठे पद्धतीत, म्हणजे कागदपत्रे सहा प्रकारांत लावून ठेवण्याच्या पद्धतीत, प्रतीक्षाधीन प्रकरणांचा स्वतंत्र गठ्ठा असतो, आणि ती कल्पना घरातही तितकीच कामाची आहे. आपले काम करून झाले आहे, चेंडू आता दुसऱ्याकडे आहे, अशी कामे सर्वांत जास्त विसरली जातात. सोसायटीकडे ना-हरकत मागितली, तर आठव्या पट्टीत लिहा: ‘प्र – ना-हरकत, सचिव, ६ जुलैला अर्ज दिला’. त्याच हाताने १५ जुलैच्या पट्टीत ‘सचिवांना ना-हरकतीबद्दल विचारणे (अर्ज ६/७)’ अशी नोंद करा. ही झाली वकिलांची मागची-पुढची तारीख. पंधराला फोन केल्यावर ‘तुमचा अर्ज कधीचा?’ असे विचारले की उत्तर समोरच असते.

एखाद्या कामाला तिसऱ्यांदा बाण काढायची वेळ आली तर थांबा. ते काम फार मोठे असते, नकोसे असते किंवा मुळात आपले नसते. मोठे असेल तर त्यातले पहिले पंधरा मिनिटांचे काम वेगळे लिहा. नकोसे पण टाळता न येणारे असेल तर त्याला वेळ देऊन ते वरच्या भागात न्या, सकाळी साडेनऊला. आपले नसेल तर फुली. चौथा बाण काढू नये.

रोज रात्री पाच मिनिटे आणि आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस मिनिटे, एवढा वेळ या वहीला द्यावा लागतो. रात्री आजच्या पट्टीतल्या प्रत्येक ओळीला चारांपैकी एक खूण मिळालीच पाहिजे. बिनखुणेची ओळ उरली तर डायरीवरचा विश्वास तिथून ढासळू लागतो, कारण मग मागची पाने पुन्हा वाचावी लागतात. रविवारी आधी संपलेल्या आठवड्याची दोन पाने, मग प्रतीक्षाधीन पट्टी, मग महिन्याचे पान, मग पुढचे दोन आठवडे. पुढचा एकच आठवडा पाहिला तर दहाव्या दिवसाच्या कामाची तयारी हुकते. झालेल्या आठवड्याच्या पानाचा खालचा कोपरा सेंटीमीटरभर तिरपा कापून टाका. अंगठा लावला की वही थेट चालू आठवड्यावर उघडते. फीत असल्यास ती महिन्याच्या पानात ठेवा.

मोबाइल की कागद हा वाद मला निरर्थक वाटतो. कागद वाजत नाही. औषधाची वेळ, ८ वाजताचे आरक्षण, गॅसवर ठेवलेला कुकर यांना मोबाइलचा गजरच हवा. मोबाइलच्या लहान पडद्यावर मात्र आठवडा एका नजरेत दिसत नाही. त्यामुळे तारीख कोणाला द्यायची याचा निर्णय वहीतच घ्यावा. दोन्हीकडे सगळे लिहिणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण एक जागा हमखास मागे पडते आणि मग खरी कोणती ते कळेनासे होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेलाही तिचे काम राहू द्या. १९७३ पासून ‘कालनिर्णय’च्या चौकटींत मराठी घरांनी दुधाचे लिटर, सिलिंडर लावल्याची तारीख आणि बाईंचे खाडे लिहिले आहेत. ती घरातल्या सगळ्यांना दिसणारी सामायिक नोंद आहे. ती प्लॅनरमध्ये पुन्हा उतरवायचे कारण नाही.

वहीत पिन, पासवर्ड, खाते क्रमांक लिहू नका, वही हरवते. पहिल्या पानावर फक्त नाव आणि एक फोन नंबर असावा. महिनाअखेरीला पुढच्या दोन महिन्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवा. आजारपणात, लग्नकार्यात आठवडा-दोन आठवडे कोरे गेले तर ते भरून काढायला बसू नका. त्या पानांवर आडवी रेघ मारा, प्रतीक्षाधीन तेवढे पुढे आणा आणि आजच्या पट्टीपासून लिहू लागा. रंगीत पेने, चिकटपट्ट्या, चित्रे यांची आवड असेल तर जरूर जोपासावी, पण वेगळ्या वहीत. डिझायनर रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये मांडलेली ‘बुलेट जर्नल’ ही वहीत नोंदी ठेवण्याची पद्धत मुळात ठिपका, फुली, बाण अशा साध्या खुणांवरच उभी आहे. तिचे पान सजवायला दोन तास लागू लागले की पुढच्या रविवारी तेवढा वेळ मिळत नाही आणि वही तिथेच थांबते.

शेवटी, आपल्या दैनिकाच्या माध्यमातून मराठी डायरी छापणाऱ्या प्रकाशकांना आणि मुद्रकांना चार विनंत्या कराव्याशा वाटतात. ओळ आठ मिलिमीटरची ठेवा. आडव्या पट्ट्यांचा, दोन पानांवर आठवडा असणारा एक तरी प्लॅनर देवनागरी अंकांत काढा, आणि त्यात तिथी बारीक अक्षरात द्या. वेष्टनावर जीएसएम आणि बांधणीचा प्रकार छापा. आणि शेवटी पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांची चौकटीची पाने जोडा, कारण डिसेंबरात मिळालेली फेब्रुवारीची तारीख आज लिहायला जागाच नसते. ती डायरीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिली जाते आणि नव्या वहीत यायची राहते.

कळावे,
आपली नम्र,
कार्यालयीन कामकाज शिकवणारी एक वाचक,
पुणे